दाजींनी किनवटला पाठवलेली मुलगी

स्वतःला काय हवंय हे माणसाला कळत नाही, ते फक्त आपल्यालाच कळतं, असं मानणारे या देशात दोघंच आहेत. एक सरकार आणि दुसरे आमचे दाजी. सरकारविरुद्ध मी पत्रकं काढते. दाजींविरुद्ध काय काढावं हे मला आजवर समजलेलं नाही, कारण पत्रक काढायचं तर आधी राग टिकावा लागतो, आणि दाजींवरचा राग त्यांच्या दारात चपला घालेपर्यंतसुद्धा टिकत नाही. हा माणूस जुलमी आहे की प्रेमळ, याचा निकाल लावायला मी कितीदा तरी बसले आहे. प्रत्येक वेळी निकालाआधीच त्यांनी समोर बशी ठेवली आहे, बशीत मी न मागितलेला पदार्थ आहे, आणि तो मी खाल्ला आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे लातूरचे, कापडाच्या पेढीवरच्या लिंगायत घरातले. आता नांदेडात आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतात आणि घरी बसून मोबाइलची ॲपं लिहितात. 'बसून' हा शब्द मी विचारपूर्वक वापरते आहे. दाजी कोड लिहितात ते पांढरी चादर घातलेल्या गादीवर, मागे लोड घेऊन, मांडी घालून, पुढ्यात वडिलांच्या दुकानातलं उतरतं डेस्क आणि त्यावर लॅपटॉप. पुण्याच्या ज्या कंपनीचं काम ते करतात तिने पाठीसाठी चांगली म्हणून चाकांची एक खुर्ची पाठवली होती. तिच्यावर ताई धुतलेले कपडे ठेवते. दाजी लॅपटॉप मिटतात तेसुद्धा आधी मनगटाने पडदा पुसून, मग झाकण इतकं हलकं टेकवून, की जणू आत जरीचा काठ आहे आणि घडी मोडली तर माल पडून राहील. लातूरचं दुकान सुटलं, दुकानदार काही सुटला नाही.

त्यांच्या वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, त्यांना एकच विद्या दिली, आणि दाजींनी ती सगळ्या आयुष्यावर पसरून ठेवली. विद्या अशी: गिऱ्हाईक ओट्यावर चढतं तेव्हा त्याला काय पाहिजे ते ठाऊक नसतं. पहिली घडी तू उलगड. ती चुकीची निघाली तरी हरकत नाही, कारण ती बघूनच त्याला कळतं की आपल्याला काय नको. पण घडी बंद ठेवून 'काय दाखवू?' असं विचारत बसलास, तर गिऱ्हाईक उतरून शेजारच्या दुकानात जातं. ताईच्या सासऱ्यांची ही शिकवण इरकल आणि धोतरजोडीपुरती ठीक असेल. दाजींनी ती चहा, नाश्ता, पंख्याचा वेग, पाहुण्यांची झोपायची खोली आणि माझ्या लग्नाचं वय, सगळ्यालाच लावली आहे. हॉटेलात आम्ही टेबलाशी टेकायच्या आत ते वेटरला सांगून मोकळे होतात, "हिला उत्तप्पा, त्यांना पुरीभाजी, मला नुसतं ताक." मी एकदा ओरडले, "दाजी, मला विचाराल का कधी?" तर शांतपणे म्हणाले, "इचारलं असतं तर तू अर्धा घंटा मेनू वाचला असतास अन् शेवटी उत्तप्पाच मागवला असतास." आता ते खरं होतं. पण खरं असलं म्हणून काय झालं! हुकूमशाहीसुद्धा कधीकधी वेळेवर गाड्या सोडते म्हणतात.

आमच्या संघटनेचे एक ज्येष्ठ काका आहेत. त्यांनी कुठल्याशा मागणीसाठी चहा सोडला होता. मागणी मान्य होईपर्यंत चहाला शिवणार नाही अशी जाहीर प्रतिज्ञा होती, आणि ती इतकी जुनी झाली होती की मागणी नेमकी कुठली ते काकांनाही पटकन सांगता येत नसे. मी त्यांना घेऊन दाजींकडे गेले. दाजींनी काकांकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं, आत आवाज दिला, "अद्रक जादा, साखर कमी," आणि कप हातात ठेवला. काका कपाकडे बघत राहिले. नकोच म्हणायला तोंड उघडायचं, तर आधी कुणीतरी हवंय का म्हणून विचारलेलं असावं लागतं. इथे कोणी विचारलंच नव्हतं. काका प्याले. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर मला हळूच म्हणाले, "चहा चांगला होता गं. मागणीचं बघू मग."

माझ्या ताईने मात्र या राजवटीत जगायची आपली पद्धत बसवली आहे. दाजी तिच्यासाठी साडी आणतात ती स्वतः पसंत करून. ताई ती नेसून दाखवते, वा म्हणते, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन बदलून आणते. दाजींना फरक कळत नाही, किंवा कळून ते बोलत नाहीत. मी तिला म्हटलं, "ताई, ही शरणागती आहे. तोंडावर सांग त्यांना." ती भाजी निवडत म्हणाली, "साडी बदलून मिळते गं. माणूस बदलून मिळत न्हाई. मग जे बदलतंय ते बदलायचं." अशा घरात स्त्रीमुक्तीचं पत्रक कुठून सुरू करावं ते तुम्हीच सांगा.

पण दाजींचा खरा छंद आडनावांचा. कापड दुकानात बसलेल्या माणसाला गिऱ्हाइकाचं गाव ओळखावं लागत असे. गाव कळलं की काठाचा रंग कळतो, आणि काठाचा रंग कळला की पहिली घडी ठरते. आपल्याकडे अर्ध्या लोकांच्या आडनावातच गाव असतं, त्यामुळे हे काम दाजींना लहानपणापासून सोपं वाटत आलं. कंधारकर म्हटलं की कंधार, धर्माबादकर म्हटलं की धर्माबाद. तो माणूस तिथून पणजोबाच्या काळात उठून आलाय, हा बारीकसारीक तपशील दाजी धरत नाहीत. एकदा ऑटोवाल्याच्या पाटीवर 'उदगीरकर' वाचून ते त्याला स्टेशनपासून घरापर्यंत उदगीरच्या पावसापाण्याची खबर विचारत होते. तो बिचारा सांगून सांगून थकला, "साहेब, मी हदगावचा हाव. उदगीर बघितलेलं बी न्हाई." दाजी उतरताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ते तुला वाटतं. आडनावाला इचार एकदा."

या माणसाकडून मी आंदोलनाचं ॲप लिहून घेतलं. आता ऐका.

नांदेडातल्या एका कॉलेजची बस लातूरच्या रस्त्याने गावोगावच्या मुलींना आणायला जाते. बसचे पैसे कॉलेज वर्षाच्या सुरुवातीलाच घेतं. पण बोरजांभळी फाट्याला येईपर्यंत बस भरलेली असते, आणि ड्रायव्हर फाट्यावर गाडी थांबवतच नाही. मुली हात करतात, बस धूळ उडवून जाते, मुली घरी परततात. दोन-चारदा असं झालं की घरचे म्हणतात, बस थांबत नसेल तर राहू दे कॉलेज. हे 'राहू दे' फार घातक असतं. कुणी दार लावून घेतलेलं नसतं, कुणी मारलेलं नसतं, नुसतं 'राहू दे' म्हणतात, आणि पुढच्या मोसमात मुलीला बघायला पाहुणे येतात. म्हणून आम्ही ठरवलं, की ज्या दिवशी बस थांबणार नाही त्या दिवशी मुलीने तिथेच उभं राहून मोबाइलवर तक्रार नोंदवायची. तक्रार कॉलेजच्या वाहतूक विभागाला जाईल आणि तोच मेसेज तिच्या घरीही जाईल, म्हणजे पालकही खवळून कॉलेजच्या दारात येतील. घरी मेसेज जायची कल्पना माझी. ती चांगलीच होती, हे मी आजही म्हणेन.

दाजींनी एक पैसा न घेता ॲप लिहायला घेतलं. त्यात नाव लिहायची जागा होती आणि नांदेड-लातूर दोन्ही जिल्ह्यांतल्या गावांची लांबलचक यादी होती. बोट ठेवलं की खाली घरंगळत उघडते आणि त्यातलं एक निवडायचं, तसली यादी. या यादीवरून आमचं पहिलं भांडण झालं.

मी म्हटलं, "दाजी, आधीपासून काही निवडून ठेवू नका. वर नुसतं 'गाव निवडा' असं लिहा. मुली आपल्या हाताने निवडतील."

"म्हंजे ओट्यावर आलेल्या बाईला 'लुगडं निवडा' म्हणून भिंतीकडं बोट दाखवायचं?"

"हे दुकान नाही दाजी, आंदोलन आहे."

"गिऱ्हाईक तेच हाय ना?" दाजींनी लोड सरकवला. "फाट्यावर उभी हाय पोरगी. ऊन, धूळ, नेटवर्कची बोंब. एवढी लांब यादी खाली सरकवत बसायची का तिनं? आपण तिचं गाव आधीच लावून ठेवायचं. तिनं फक्त दाबायचं."

"आणि तुम्हाला कसं कळणार तिचं गाव?"

दाजींनी माझ्याकडे अशा दयेने बघितलं, की मी तो विषय तिथेच सोडून दुसऱ्या मुद्द्यावर अडून बसले. म्हटलं, पडद्यावर गाव वर हवं आणि नाव खाली. प्रश्न गावाचा आहे, व्यक्तीचा नाही, ही आमची भूमिका आहे. दाजींना भूमिका कळत नाही, पण मेव्हणीचा हट्ट कळतो. "घे, पुढारीणबाई," म्हणत त्यांनी गाव वर नेलं आणि नाव खाली आणलं.

ॲप सुरू झालं. तक्रारी धडाधड यायला लागल्या. मी छापील गठ्ठा घेऊन कॉलेजच्या वाहतूक विभागात गेले. तिथले सर पान गालात धरून सगळं वाचत होते. मी घोषणेच्या आवाजात म्हटलं, "सर, बोरजांभळीच्या मुलींना न्याय मिळाला पाहिजे!"

"बोरजांभळी?" सरांनी पानं उलटली. "हितं बोरजांभळी कुठाय? ही बघा, देगलूरला थांबली होती म्हणे. ही मुखेडला. ही उदगीरला. ताई, उदगीरचा जिल्हाच वेगळा हाय. आमची बस तिकडं कशाला जाईल? अन् ही एक तर किनवटला! किनवट! पार जंगलात!" मग चष्मा वर करून म्हणाले, "एक काम करा. आधी तुमच्या पोरी नेमक्या कुठं उभ्या असतात ते ठरवा, मग न्याय मागा."

मी बाहेर आले तेव्हा डोकं भणभणत होतं. मुली बोरजांभळीच्या, मी स्वतः त्यांच्यासोबत फाट्यावर उभी राहिलेली. मग त्या उदगीरला कशा? किनवटला कशा? विचार करकरून मी एकाच निष्कर्षाला आले: व्यवस्थेने आमच्या ॲपमध्ये घुसून तक्रारी पळवल्या. 'आमची गावे कोणी पळवली?' या मथळ्याचं पत्रक मी त्याच दुपारी लिहिलं. मजकूर चांगला झाला होता. डीटीपीवाल्याकडे गेलासुद्धा होता.

संध्याकाळी अश्विनीचा फोन आला. ही बोरजांभळीच्या पिठाच्या गिरणीवाल्याची मुलगी, बीएस्सीला, आमच्या मुलींमधली सगळ्यात हुशार आणि सगळ्यात भांडखोर. वडलांना ती दादा म्हणते. आवाज मात्र दबलेला. "ताई, माझं कॉलेज बंद केलं. दादांनी फोन बी काढून घेतला. हा शेजारणीचा हाय."

"का? बस थांबत नाही म्हणून?"

"बस न्हाई वो. दादांना मेसेज आला, तुमची मुलगी अश्विनी किनवटकर हिला किनवट थांब्यावर बस मिळाली नाही. दादा म्हणतात, तू घरातून फाट्यावर गेलीस, मग किनवटला कोण होतं? तुझा फोन कोणाकडं होता? ताई, मी बोरजांभळीच लावलं होतं. हातानं लावलं होतं. कोणी ऐकतच न्हाई."

किनवटकर. माझ्या पायाखालची जमीन सरकली. आणि ती सरकून थेट दाजींच्या गादीपाशी गेली.

दाजी म्हणाले, असं होणारच नाही. त्यांनी मोबाइल घेऊन समोर करून दाखवलं: आधी आपलं नाव टाकलं, वर लातूर आलं, ते हाताने बदललं, ते बदललेलंच राहिलं. "बघ. चालतंय की." मग मी मोबाइल हातात घेतला आणि फाट्यावरची मुलगी करेल तसं केलं. वरून खाली. आधी गाव: बोट ठेवलं, यादी उघडली, बोरजांभळी निवडली. मग खाली नाव लिहायला लागले. अ-श्वि-नी. कि-न-व-ट. तोवर वर बोरजांभळी होती. मग क. मग शेवटचा र. आणि आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत, काही न वाजता, वरची बोरजांभळी गेली आणि तिथे किनवट येऊन बसलं.

आडनाव पूर्ण झालं, की दाजींचं कोड त्यातलं गाव ओळखून यादीत लावत होतं. मुलीने आधीच काही निवडलंय का हे ते बघतच नव्हतं. आणि ज्या शिंदे-कांबळे-शेखांच्या आडनावात गाव नाही, त्यांच्यासाठी ते यादीतलं पहिलं गाव लावून मोकळं होत होतं. माझ्या तोंडात सगळी पत्रकं एकदम आली. "तिने निवडलं होतं दाजी! स्वतःच्या हाताने! तुम्ही ते पुसलंत! तिच्या बापानेही तिला विचारलं नाही आणि तुम्हीही विचारलं नाहीत!"

दाजींनी उलट उत्तर द्यावं अशी माझी अपेक्षा होती.  पण ते लॅपटॉप पुढ्यात ओढून कोड उघडत म्हणाले, "आण्णांनी बी हे चालवून घेतलं नसतं. पहिली घडी दुकानदारानं उलगडावी, बरोबर हाय. पण गिऱ्हाइकाचा हात एकदा लुगड्यावर पडला की आपला हात उचलायचा. त्याच्या हातातलं हिसकून दुसरं देणं म्हंजे..."  त्यांनी कोडमध्ये एक अट घातली, मुलीने यादीला हात लावलेला असेल तर पुढे काही करायचं नाही अशी, आणि लॅपटॉप नुसता मिटला. पुसायचं विसरले.

"आधीपासून निवडून ठेवलेलं काढूनच टाका ना," मी म्हटलं. "कोरं ठेवा."

"ते उद्या भांडू," दाजी म्हणाले. "आधी त्या माणसाकडं जाऊ."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या स्कूटरवरून आम्ही बोरजांभळीला गेलो. गिरणी चालू होती. अश्विनीचे वडील पिठाने असे माखले होते की भुवया कुठे संपतात ते कळत नव्हतं. मी पुढे होऊन सुरुवात केली, "काका, मुलींचा शिक्षणाचा हक्क..."

"हक्काचं न्हाई इचारलं मी," ते गिरणीवरून ओरडले. "किनवटचं इचारलं!" त्यांनी पट्टा उतरवून गिरणी बंद केली आणि पिठाळ बोटांनी मोबाइल पुढे केला. "हे वाचा. नाव माझ्या लेकीचं. फोन माझ्या लेकीचा. लेक म्हणते मी फाट्यावर होते. मग किनवटला कोण होतं? तुमीच सांगा, बापानं काय समजावं?"

दाजी म्हणाले, "मी होतो."

आता सगळी गिरणी आमच्याकडे बघायला लागली. दळणाला आलेल्या दोन बायांनी डबे खाली ठेवले. मी घाईने म्हटलं, "म्हणजे तसं नाही काका! यांनी ते ॲप लिहिलंय."

दाजींनी समजावून सांगायला घेतलं. आधी यादी, मग आडनाव, मग अट, असं ते सांगत गेले आणि ऐकणाऱ्यांचे चेहरे अधिकाधिक कोरे होत गेले. शेवटी त्यांनी बाजूचा डबा उचलला. "हे बघा. समजा एका बाईनं डबा आणला अन् सांगितलं, ज्वारी हाय, जाड दळा. अन् मी इथं बसलोय. मी तिचं बोलणं ऐकलं, पण मागनं तिचं आडनाव बी ऐकलं, अन् मनात म्हणलं, या आडनावाचे लोक गहू खातात. अन् ज्वारी काढून गहू टाकला."

"मी कशाला तसं करीन?" गिरणीवाले चमकून म्हणाले.

"तुमी न्हाई करणार. मी केलं."

"का पण?"

दाजींनी डबा खाली ठेवला. माझ्या ओळखीत पहिल्यांदा हा माणूस शब्द शोधत होता. "तिला सोपं जावं म्हणून."

बाया हसल्या नाहीत. गिरणीवाल्यांनी मोबाइल उलटापालटा केला. "म्हंजे तिनं बोरजांभळीच लावलं होतं?"

"हाव. तिचं बरोबर होतं. मी बदललं."

तेवढ्यात आतल्या दारातून अश्विनी बाहेर आली. रडून डोळे सुजलेले, पण आवाज खणखणीत. "हेच मी सांगत होते! माझ्या सांगण्यावर कोणाचा इश्वास बसला न्हाई. आता हे शिकलेले काका स्कूटरवर येऊन सांगायलेत, तर ऐकायलेत सगळे. अन् तुमी बी ताई," ती माझ्याकडे वळली, "मेसेज घरी पाठवायच्या आधी आमाला इचारायचं होतं ना."

"चुकलंच," मी म्हटलं. त्यात एकही घोषणा नव्हती.

गिरणीवाले मुलीकडे न बघता पट्टा चढवायला लागले. "बघू," एवढंच म्हणाले. 'बघू' हे 'राहू दे'पेक्षा बरं की वाईट, यावर परतीच्या सगळ्या रस्त्यात दाजींचं आणि माझं एकमत झालं नाही.

दुरुस्त ॲपमधून नव्या तक्रारी गेल्या. या वेळी सगळ्या एकाच फाट्यावरून गेल्या आणि मुलींच्या घरचेही कॉलेजात येऊन बसले. सरांना पान थुंकून हो म्हणावं लागलं: सोमवारपासून बस फाट्यावर थांबणार. सोमवारी सकाळी मी गेले आणि दाजीही आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. बस आली. थांबली. मुली चढल्या. माझ्या डोळ्यांना पाणी आलं असतं, पण मी मोजत होते आणि एक कमी होती. अश्विनी आली नव्हती.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. दाजी खिडकीशी गेले. "जरा थांबा. एक येणार हाय."

"कोण?"

"गिरणीवाल्याची अश्विनी."

"येते म्हणून फोन आला का तिचा?"

"न्हाई."

"मग कोणी सांगितलं?"

दाजींना कुणीच सांगितलं नव्हतं. नेहमीप्रमाणे त्यांनी परस्पर ठरवलं होतं. मी त्यांची बाही ओढली, "दाजी, पुन्हा तेच! तिने ठरवायचंय, तुम्ही नाही!" पण दाजी चालत बसच्या पुढे गेले आणि बंपरसमोर हात पसरून उभे राहिले. आयुष्यात कधी मोर्चाला न आलेला माणूस, इस्त्रीचा शर्ट, आणि ड्रायव्हर वरून ओरडतोय, "ओ काका, सकाळी सकाळी मरायचंय का?" आतून मुली हसत होत्या. मी आंदोलनं केली आहेत, रस्ते अडवले आहेत, पण त्या क्षणी मी दाजींना मागे खेचावं की त्यांच्या शेजारी उभं राहावं हे मला ठरवता येईना. म्हणून मी नुसतीच उभी राहिले.

मग गावच्या वाटेवरून मोपेडचा आवाज आला. पुढे गिरणीवाले, मागे डबा छातीशी धरलेली अश्विनी. ती उडी मारून उतरली, दाजींकडे एक कटाक्ष टाकला, तो कसला होता मला कळलं नाही, आणि बसमध्ये चढली. दाजी बाजूला झाले. बस गेली.

गिरणीवाले मोपेडला टेकून उभे होते. जायची घाई दिसत नव्हती. अंगावर आज पीठ नव्हतं, त्यामुळे ते आणखीच वयस्कर दिसत होते. बस दिसेनाशी झाल्यावर म्हणाले, "साहेब, एक इचारायचं राहिलं. आमचं आडनाव किनवटकर. पण किनवट मी बघितलेलं न्हाई. माझ्या बापानं बी न्हाई. आज्याचं ठाऊक न्हाई. एवढ्या वर्षांत आमच्या नावापुढं त्या गावाचं नाव कोणी लिवलं न्हाई. त्या दिवशी मेसेजमधी पहिल्यांदा वाचलं." त्यांनी मोपेडची किल्ली बोटात फिरवली. "पोरीवरचा राग उतरला. पण ते गाव डोक्यातून जाईना. तिथं आमचं कोणी असंल का हो?"

दाजींनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता हे त्यांना किनवटच्या पावसापाण्याचं सांगणार, तिथली गल्ली सांगणार, घरसुद्धा दाखवणार. दाजींनी तोंड मिटलं.

"ठाऊक न्हाई," ते म्हणाले.

"नांदेडहून आगगाडी जाते म्हणतात तिकडं."

"जाते."

"जावं वाटतं एकदा." गिरणीवाले रस्त्याकडे बघत होते. "पण उतरून इचारायचं काय? अन् कोणाला?"

दाजींनी मोपेडच्या सीटवरची धूळ हाताने पुसली, मग पुन्हा पुसली. त्यावर आता धूळ उरली नव्हती, तरी ते पुसत राहिले, आणि मी त्यांना थांबवलं नाही.